दत्तकपत्रात मूल कुठे असते?

दत्तकपत्राची नोंदणी असते त्या दिवशी मुलाला नवे कपडे घातलेले असतात. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, त्यामुळे असे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतला एक मात्र मनातून जात नाही. मुलगा नऊ वर्षांचा होता. धाकट्या भावाने आपला दुसरा मुलगा निपुत्रिक थोरल्या भावाला द्यायचे ठरवले होते. दस्त पाच पानांचा होता. सुरुवातीला लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावे, वये, धंदे. मग ‘आम्हांस पोटी संतान नाही, पुढे होईल अशी आशा उरलेली नाही, सबब आमच्या पश्चात आमचे नाव चालावे व मिळकतीची देखभाल व्हावी’ हा ठरावीक मजकूर. आणि त्यापुढे साडेतीन पाने गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा आणि घराचा मिळकत क्रमांक. मुलाचे नाव तीनदा आले होते आणि वयापलीकडे त्याच्याविषयी एक अक्षरही नव्हते. तो कितवीत आहे, यापुढे कोणत्या घरी राहणार, शाळा तीच राहणार की बदलणार, हे पाचही पानांत कुठे नव्हते. फोटो आणि अंगठे चालू असताना तो बाकावर बिस्किटांचा पुडा घेऊन बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा त्याने एकच विचारले, “हजेरीत माझं नाव कधी बदलणार?” त्या खोलीत सात-आठ मोठी माणसे होती आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यापैकी कोणावरही टाकलेली नव्हती.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला. त्याच्या नावातच दोन गोष्टी शेजारी बसवल्या आहेत: नाते जोडणे आणि जोडलेल्या नात्यातल्या माणसाला पोसणे. आपण व्यवहारात त्यांची फारकत केली आहे. कायद्यातले दत्तकाचे प्रकरण आपण वारसनोंदीसाठी वापरतो, आणि निर्वाहाच्या प्रकरणाची आठवण घर फुटल्यावर, कोर्टाची पायरी चढताना होते. माझे म्हणणे असे आहे की नात्यागोत्यात होणाऱ्या दत्तकालाही मुलाच्या हिताची न्यायालयीन चौकशी सक्तीची असली पाहिजे, निर्वाहाची तजवीज त्याच वेळी लिहून घेतली पाहिजे, आणि हे करण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीने पुढाकार घेण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दत्तकाकडे मिळकतीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिची कारणेही समजण्यासारखी आहेत. सातारा आणि झाशी येथली दत्तके नामंजूर करून डलहौसीने ती राज्ये खालसा केली, त्यामुळे दत्तक म्हणजे गादी हे समीकरण मराठी मनात खोल रुजले. पश्चिम भारतात नीलकंठाच्या व्यवहारमयूख या धर्मशास्त्रग्रंथाचा अधिकार मोठा असल्यामुळे विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई. बंगालमध्ये तशी सोय नव्हती. ही मोकळीक स्त्रीच्या बाजूची होती खरी, पण तिच्यामुळे विधवेने कोणाला मांडीवर घ्यावे यावर भाऊबंदांचे आणि कारभाऱ्यांचे डोळे लागून राहत. ताई महाराज प्रकरण आपल्याला ठाऊक आहे ते लोकमान्य टिळकांमुळे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले, ताई महाराज ही त्यांची विधवा आणि टिळक त्यांच्या मिळकतीचे एक विश्वस्त; १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, पुढे ताई महाराजांनी दुसराच मुलगा दत्तक घेतला, टिळकांवर खोटी शपथ घेतल्याचा खटला झाला, ते त्यातून सुटले, आणि अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, जगन्नाथाचे दत्तक खरे ठरवले. या चौदा वर्षांत टिळकांना काय सोसावे लागले यावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मुलाच्या नावावर हा वाद चालला, त्याने ती वर्षे कोणत्या घरचा मुलगा म्हणून काढली, हा प्रश्न विचारलेला माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

१९५६च्या कायद्याने या जुन्या जगातले बरेच काही मोडून काढले, हे आधी मान्य केले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे पुढे चार स्वतंत्र कायदे होऊन आले आणि त्यांतला हा एक. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या हक्काने दत्तक घेता येऊ लागले. दत्तहोम, म्हणजे दत्तविधानातला होम, अनिवार्य राहिला नाही, प्रत्यक्ष देणे-घेणे तेवढे आवश्यक ठरले. पूर्वी विधवेने कित्येक वर्षांनंतर घेतलेला दत्तक पुत्र नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच होता असे मानून लोकांच्या हातात गेलेली मिळकत काढून घेतली जाई. कलम १२ ने त्याला आळा घातला. विवाहित स्त्रीला मात्र २०१० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीपर्यंत दत्तक घेणारा नवरा असे आणि बायको फक्त संमती देई; पोटचे मूल देतानाही तेच. आईच्या संमतीला इतकी वर्षे दुय्यम मानणाऱ्या कायद्यात मुलाचे मत कुठे असणार?

खरे तर ते कायद्यात आहे, आणि हीच मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. कलम ९ वाचून पाहावे. आईबाप दोघेही वारले असतील, त्यांनी मूल टाकून दिले असेल किंवा मूल कोणाचे हेच माहीत नसेल, तर पालकाला ते दत्तक देता येते, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच. ती परवानगी देताना हे दत्तक मुलाच्या कल्याणाचे आहे याची खात्री न्यायालयाने करून घ्यायची आहे, मुलाचे वय आणि समज पाहून त्याच्या इच्छेचा विचार करायचा आहे, आणि या व्यवहारात पैशांची देवघेव झालेली नाही हेही पाहायचे आहे. म्हणजे १९५६ मध्येच कायदा करणाऱ्यांना हे तिन्ही प्रश्न सुचले होते. आईबाप हयात असले की मात्र ते तिन्ही गळून पडतात. जन्मदाते मुलाचे वाईट करणार नाहीत, हे त्यामागचे गृहीतक. बहुतेक घरांत ते खरेही ठरते. पण आपण मूल देतो ते कधी थोरल्या भावाच्या शब्दाखातर, कधी सासूच्या हट्टापायी, कधी कर्जाच्या दडपणाखाली, आणि कधी ‘तिकडे बागायत आहे, पोराचं भलं होईल’ या विचाराने. मी पाहिलेल्या आयांपैकी काहींची सही संमतीची होती आणि डोळे वेगळे सांगत होते. सही घेणाऱ्याला डोळ्यांत पाहण्याची सक्ती नाही.

संस्थेतून किंवा बाल न्याय कायद्याखाली, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणासाठीच्या केंद्राच्या कायद्याखाली, जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. तिथे घराची पाहणी होते, दत्तक घेणाऱ्यांचे आरोग्य आणि उत्पन्न पाहिले जाते, संस्थेतल्या मुलाच्या बाबतीत पुढची दोन वर्षे कोणीतरी येऊन बघून जातो, आणि त्या चौकटीत नात्यात दत्तक दिले तरी पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. २०२१च्या दुरुस्तीने हे आदेश न्यायालयांकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवले. मला स्वतःला न्यायालयच अधिक बरे वाटते, पण निदान एक त्रयस्थ माणूस तरी तिथे प्रश्न विचारतो. पाळण्यात सापडलेल्या मुलाला हे संरक्षण आहे आणि सख्ख्या आईबापांनी चुलत्याला दिलेल्या मुलाला नाही, कारण बाल न्याय कायद्यानेच हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. एकाच तालुक्यातली दोन मुले, दोघांचेही आईबाप कायद्याने बदलले, आणि एकालाच कोणी विचारले.

जुन्या वंशविचाराची आणखी एक खूण कलम ११ मध्ये आहे: मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही आणि मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येत नाही. वंशाला एक मुलगा पुरे, कन्यादानाला एक मुलगी पुरे, असाच त्याचा अर्थ होतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर भावाला भाऊ किंवा बहिणीला बहीण मिळू नये याला कारणच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, आधीच मुलगी असलेल्या दाम्पत्याला बाल न्याय कायद्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येते, असा निर्णय देऊन वाट मोकळी केली. मूळ कलम मात्र जिथल्या तिथे आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक फाटा फुटला. कायद्याने दत्तक मुलाचे वय पंधराच्या आत आणि ते अविवाहित असण्याची अट घातली, पण त्याविरुद्ध रूढी असेल तर ती चालेल असेही म्हटले. जुन्या मुंबई प्रांतात कोणत्याही वयाच्या, लग्न झालेल्या माणसाला दत्तक घेण्याची रूढी होतीच आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला मान्यता दिली. परिणामी तिशीतला, दोन लेकरांचा बाप दत्तक जातो आणि तो कायदेशीर असतो. आता तिशीतल्या माणसाला कोणी न्हाऊ-माखू घालणार नाही, शाळेत पोचवणार नाही. इथे दत्तक हे मिळकतीचे साधन आहे हे सरळ कबूल करावे. ज्याला पुतण्याला जमीन द्यायची आहे त्याने मृत्युपत्र करावे, बक्षीसपत्र करावे. त्यासाठी मुलांसाठीच्या संस्थेचे दार वापरू नये. असे दत्तक कायद्याने बंद केले तर कोणत्याही मुलाचे नुकसान होणार नाही.

दत्तकाकडे कसे पाहावे याचा एक वेगळा धडा नागपूरच्या एका प्रकरणातून मिळतो. केंद्र सरकारच्या नोकरीतून १९९३ मध्ये निवृत्त झालेला गृहस्थ १९९४ मध्ये वारला, त्याच्या विधवेने १९९६ मध्ये एक मुलगा दत्तक घेतला आणि पुढे त्या दत्तक पुत्राने मृत कर्मचाऱ्याचे कुटुंब निवृत्तिवेतन मागितले. विधवेचा दत्तक हा मृत नवऱ्याचाही मुलगा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितले होते. तरीही १७ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ही मागणी फेटाळली, कारण निवृत्तिवेतनाच्या नियमांतले कुटुंब म्हणजे कर्मचाऱ्याच्या हयातीत त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे. त्याच्या मागे जोडलेले नाते त्यात बसत नाही. या निकालावर माझ्या काही सहकाऱ्यांनी नाराजी दाखवली. मला तो पटतो. दत्तक कायदा विचारतो की वंश कोणाचा, आणि निवृत्तिवेतनाचा नियम विचारतो की या माणसाच्या ताटातले कोण जेवत होते. दुसरा प्रश्न मुलाच्या जगण्याला जास्त जवळचा आहे.

निर्वाहाचे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठीच. दत्तक झाल्या दिवसापासून मुलाचे जन्मघराशी कायदेशीर संबंध तुटतात. आधीच त्याच्या नावे आलेली मिळकत असेल तर तेवढी टिकते. जन्मदात्यांकडून पुढे त्याला वारसा नाही आणि पोटगीही मागता येत नाही. दुसरीकडे, दत्तक घेणाऱ्याला आपली मिळकत हयातीत विकण्याची किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याला देण्याची मुभा कलम १३ ठेवते, विरुद्ध करार झालेला नसेल तर. त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पाच पानी दस्तात असा करार नव्हता. साडेतीन पाने जमिनीचे वर्णन होते, पण त्यातली एक गुंठासुद्धा जमीन त्याला मिळेलच अशी हमी त्यात नव्हती, हे त्याच्या बापाला मी सांगितले तेव्हा तो चमकला. मुलाच्या हाती कायद्याने पक्के असे काय उरते? फक्त निर्वाह: अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान, असेपर्यंत दत्तक आईबापांनी त्याला पोसण्याची कलम २० मधली जबाबदारी, आणि ते वारले तर त्यांची मिळकत घेणाऱ्यांवर कलम २२ खाली येणारा बोजा. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी हे सारे या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच येते. मुलाला खरोखर काय मिळणार ते या प्रकरणात लिहिले आहे, आणि दस्तात नेमके त्यालाच स्थान नसते.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण आहे. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा असताना दोघांनी नणंदेचा मुलगा दत्तक घेतला होता आणि त्याच सुमारास घर आणि विहिरीची जमीन बक्षीसपत्राने त्याच्या नावे केली होती. आता त्यांना स्वयंपाकघराच्या मागची खोली दिली होती आणि गॅसची टाकी संपली की सून चार-चार दिवस आणत नसे. पिशवीतून त्यांनी दत्तकपत्र काढले, घड्यांवर फाटलेले, आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, हे मोडता येईल का?” मोडता येत नाही. विधिवत झालेले दत्तक कलम १५ प्रमाणे दत्तक घेणाऱ्यालाही रद्द करता येत नाही आणि मुलालाही ते नाकारता येत नाही. मी त्यांना हेही सांगितले की हा नियम योग्य आहे. पोटच्या मुलाचे नाते वागणुकीवरून रद्द होत नसेल तर दत्तकाचेही होऊ नये, नाहीतर दत्तक मूल जन्मभर उमेदवारीवर राहील. त्यांच्यासाठी जो मार्ग होता तो निर्वाहाचा. वृद्ध आईबापांचा सांभाळ करणे मुलगा आणि मुलगी दोघांवरही बंधनकारक आहे, तिथे दत्तक आणि औरस असा भेद नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्याच कायद्याने, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत घेता येते. त्यांच्या बक्षीसपत्रात अट नव्हती. ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ एवढेच शब्द होते, आणि तेवढ्यावर हस्तांतर रद्द करून घेणे अवघड होते. पोटगीचा हुकूम झाला. खोली मागचीच राहिली.

या सगळ्यावर मला नेहमी ऐकावा लागणारा आक्षेप असा की घरातल्या गोष्टीत कोर्ट कशाला. आधीच तारखांवर तारखा पडतात, त्यात दत्तकाची भर घातली तर लोक नोंदणीच सोडून देतील आणि देणे-घेणे चार माणसांत उरकतील. आक्षेप पोकळ नाही. मी स्वतः तारखांवर पोट भरतो, त्यामुळे विलंब म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण पालकाने द्यायच्या मुलासाठी जिल्हा आणि शहर दिवाणी न्यायालयांत हे काम आजही होते, बाल न्याय कायद्याने दत्तकाच्या अर्जांसाठी दोन महिन्यांची मुदत घातलेली आहे, आणि सुनावणी बंद दालनात घेण्याची पद्धतही तिथे आहे. नवीन यंत्रणा उभारायची नाही. आहे त्या कलम ९ मधले दोन पोटनियम आईबापांनी द्यायच्या मुलालाही लागू करायचे आहेत. धर्मात ढवळाढवळ होते असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की होमाची सक्ती १९५६ मध्येच गेली, आणि तेव्हा कोणाचा वंश बुडाला नाही.

हे महाराष्ट्राला करता येते. दत्तक हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. उत्तर प्रदेशाने याच कायद्याच्या कलम १६ मध्ये दुरुस्ती करून १९७७ पासून तिथे नोंदणीकृत दस्ताशिवाय दत्तक मानले जात नाही, अशी व्यवस्था केली. महाराष्ट्राने तर १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती केली. केंद्राला तिथवर यायला २००५ साल उजाडले. त्याच विधिमंडळाने राष्ट्रपतींची संमती घेऊन या कायद्यात चार बदल करावेत. दत्तक देण्याआधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागावी आणि मुलाला, त्याला बोलता येत असेल तर, आईबापांच्या अनुपस्थितीत ऐकून घ्यावे. दस्ताला निर्वाहाचे परिशिष्ट असावे, ज्यात मुलाचे राहणे, शिक्षण, औषधपाणी आणि कलम १३ खाली मिळकत दुसऱ्याला देण्यावरचे किमान बंधन लिहिलेले असेल, आणि दत्तकाबरोबर कोणतीही मिळकत मुलाच्या नावे होत असेल तर सांभाळाची अट त्यात आपोआप गृहीत धरली जावी. पंधरा वर्षांवरील माणसाच्या दत्तकाची रूढी या राज्यात संपुष्टात आणावी. आणि कलम ११ मधले एकाच लिंगाच्या दुसऱ्या मुलावरचे बंधन काढून टाकावे.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर माझ्याकडे दत्तकपत्र करायला येणाऱ्यांना मी गट नंबर शेवटी सांगायला लावतो. पहिले पान मुलाचे. त्यात त्याची शाळा, इयत्ता, तो आजवर कोणाजवळ झोपत आला, जन्मदात्या आईला तो वर्षातून किती वेळा भेटेल, फी कोण भरेल, आणि हजेरीतले नाव कोणत्या महिन्यात, कोण जाऊन बदलून घेईल, हे लिहिलेले असते. काही पक्षकार कंटाळतात. एक-दोघांनी दुसरा वकील पाहिला. एका घरी मात्र हे पान लिहिता लिहिता लक्षात आले की मुलीला जायचेच नाही, आणि ते दत्तक तिथेच थांबले.